तेवढं जरा

कोलंबीची पिशवी मी ओट्यावर ठेवली आणि पर्स खांद्याला लावता लावता म्हणाले, “मावशी, बाळ झोपलं की तेवढी जरा सोलून ठेवा.” सासऱ्यांनी सकाळीच मिरकरवाड्यातून आणलेली, किलोभर, ताजी कोलंबी. माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “वैनी, हे माझ्याकडनं नाय व्हायचं. हात कोलंबीचे, नि पोर उठून रडायला लागलं तर त्याला कुठल्या हातानं उचलू?”

मला राग आला. रिक्षात बसून ऑफिसात पोचेपर्यंत तो टिकला. त्या घटनेला नऊ वर्षं झाली, आणि आज ती लिहायचं कारण शेजारच्या इमारतीत घडलं. तिथे बाळ सांभाळणाऱ्या बाईने गेल्या आठवड्यात काम सोडलं. बाळाच्या आजोबांचं पथ्याचं जेवण रांधायला तिने नकार दिला होता. आमच्या जिन्यात चार बायका जमल्या आणि तिच्यासाठी एक शब्द वापरला गेला : माजली. नऊ वर्षांपूर्वी त्या रिक्षात माझ्याही मनात हाच शब्द आला होता, म्हणून तो जिन्यातून ऐकू आल्यावर मी दार लावून घेऊ शकले नाही.

हा शब्द आपण कोणासाठी राखून ठेवलाय? गवंड्याला म्हणा, भिंतीला तेवढा रंगाचा हात मार. तो सांगेल, रंगारी बघा. वायरमनला म्हणा, नळ गळतोय तेवढा बघून जा. तो पान्याला हातसुद्धा लावणार नाही. त्यांना कोणी माजला म्हणत नाही. “तो त्यातला माणूस नाही” असं म्हणून आपण गप दुसरा शोधतो. बाळ सांभाळणारी बाई मात्र घरातल्या सगळ्याच कामांतली माणूस असते, कारण ती बाई आहे आणि ती कामं बाईची आहेत. एवढं साधं गणित आहे आणि ते आपल्याला दिसतसुद्धा नाही.

रत्नागिरीत अशी बाई मिळते ती ओळखीतून. मुंबई-पुण्यात त्यासाठी ब्युरो असतात, त्यांचे कागद असतात. आपल्याकडे भाजीवालीला सांगून ठेवतात, देवळात कोणाच्या कानावर घालतात, मग शिरगावातून नाहीतर मिऱ्यावरून कोणाची तरी नणंद, कोणाची तरी चुलती दारात येऊन उभी राहते. बोलणी पाच मिनिटांत उरकतात. नऊ ते सहा, रविवार सुट्टी, पगार अमुक, काम बाळ सांभाळायचं. “काय ते तुम्हाला माहीतच आहे” असं आपण म्हणतो आणि ती मान हलवते. पुढचा सगळा घोटाळा या वाक्यात भरलेला असतो. काय ते कोणालाच माहीत नसतं, आणि जी बाजू पगार देते ती ते नंतर हळूहळू ठरवत जाते.

ते कसं ठरतं हे मी स्वतः केलंय, त्यामुळे पायरीपायरीने सांगू शकते. पहिल्या आठवड्यात बाळाचे लंगोट धुताना त्यात आपले दोन कपडे जातात. मग बाळाच्या खिमटीसाठी कुकर लावलाच आहे तर वर आपला वरणभात. बाळाला तेल लावून हात तेलकट झालेच आहेत तर सासूबाईंच्या गुडघ्यांना बोट. बाळाला घेऊन खाली फिरायला जाताच आहात तर गिरणीतून दळण. कोणी आलं तर चहा, चहा झाला तर कपबशा. यातलं एकही काम दहा मिनिटांपलीकडचं नाही, आणि नाही म्हणण्याजोगं तर कुठलंच वाटत नाही. तीन महिन्यांनी बघावं तर त्याच पगारात दुसरी नोकरी उभी झालेली असते. या सगळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे, ‘तेवढं’. त्याला ‘जरा’ जोडला की समोरच्या माणसाला नकार द्यायला जागा राहत नाही. कामाचं माप घेणारा शब्द आपण काम लपवायला वापरतो.

कोकणात याला हंगामही असतात. मे महिन्यात आतल्या खोलीत अढी लागलेली असते. पेंढा सारून आंबे रोज बघायचे, पिकलेले वेगळे काढायचे, डागी बाजूला. रातांबे आले की ते फोडायचे, साली वाळत घालायच्या, आगळाची बरणी. फणस फोडला की गरे काढायचे. फणसाचा चीक नुसत्या पाण्याने जात नाही, खोबरेल चोळून काढावा लागतो. त्या हातांनी बाई बाळाचं काय करणार? पण गरे काढायला बसवलेल्या मावश्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात, आणि शेजारच्या चटईवर बाळ.

गणपतीत तर कळस होतो. चाकरमानी आले, घर भरलं, आनंदच आहे. पण मुंबईहून आलेल्या दिरांची, नणंदांची पोरंही आली. बोली झाली होती एका बाळाची आणि समोर सात पोरं. कोणी विहिरीकडे धावतंय, कोणी फुलबाजा पेटवतंय, कोणाला शू लागली, कोणाला ताप. “मावशी आहेत ना!” म्हणून आया-बाप आरतीला. सातांपैकी एक पडलं तर जाब मावशीला. त्या दिवसांत तिच्या घरीही गणपती असतो. तिचाही मुलगा दिव्याहून किंवा नालासोपाऱ्याहून रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेला असतो, आणि ती आपल्या मोदकांची उकड काढत असते.

आता ज्या कामासाठी ती येते ते काम काय आहे ते बघू. दहा महिन्यांचं मूल रांगतं, धरून उभं राहतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. लादीवरची मुंगी, चार्जरचं टोक, शेंगदाणा, सासूबाईंची गोळी. माझा मुलगा एकदा पडवीच्या पायरीपर्यंत गेला होता, मी दूध बघायला वळले तेवढ्यात. आई असून माझं लक्ष चुकलं. जिच्याकडे आपण नऊ तास मूल सोपवतो तिने चुकायचं नाही, ही आपली अपेक्षा आहे आणि ती रास्तच आहे. मग तिचे हात, डोळे आणि कान त्या मुलासाठी मोकळे ठेवणं आपल्याकडे येतं.

“पण बाळ झोपतं ना तीन तास!” हे ऐकायला मिळतंच. बाळ झोपलं तरी मावशी मोकळी होत नाही. मी एका सुट्टीच्या दिवशी बघितलं. मुलगा पाळण्यात होता आणि मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटून. मला वाटलं, लागला डोळा. पंख्याचा आवाज, बाहेर पाऊस. पाळण्यातून एक बारीक घुसमटल्यासारखा आवाज आला, जो मला ऐकूही आला नाही, आणि मावशी उठल्या, बाळाला कुशीवर केलं, तोंडापाशी आलेलं दूध पदराने टिपलं आणि परत टेकून बसल्या. मी शेजारच्या खोलीत कपाट लावत होते. तेव्हा त्या ओट्याशी भांडी घासत असत्या तर?

यावर जगाने विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 च्या जूनमध्ये घरकामगारांसाठी करार मंजूर केला, क्रमांक 189. त्यातलं सातवं कलम सांगतं की कामावर घेताना त्या व्यक्तीला कामाचं स्वरूप, पगार, तास, सुट्ट्या हे समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे, जमेल तिथे लेखी. दहावं कलम त्याहून बारीक जातं. माणूस स्वतःच्या मर्जीने वेळ घालवायला मोकळा नाही, घराच्या हाकेला बांधलेला आहे, तो वेळसुद्धा देशाच्या कायद्याने ठरेल तितपत कामाचाच धरावा असं ते म्हणतं. भिंतीला टेकलेल्या मावशींचे ते तीन तास यात बसतात. त्या कराराच्या बाजूने भारताने मत दिलं. त्याला रीतसर मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक मात्र अजून केलेला नाही.

आपल्या राज्यात 2008 चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. अठरा ते साठ वयाच्या घरकामगाराने नोंदणी करायची, मग अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला, औषधपाण्याला, बाळंतपणाला, अंत्यविधीला मदत. कायदा चांगल्या मनाने झाला, पण तो बाईच्या अडचणीला धावतो, तिच्या कामाला हद्द घालत नाही. किती तास, कोणती कामं, जादा कामाचे पैसे किती, हे त्यात नाही. ज्याला सगळे किमान वेतन म्हणतात तेही त्यात ठरवलेलं नाही. आणि त्या नोंदणीच्या अर्जाला काम देणाऱ्याचा दाखला लागतो. हा दाखला द्यायला शिकलीसवरलेली माणसं घाबरतात. “उद्या काही अंगाशी आलं तर?” काय येणार अंगाशी? 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपये दिले. आपण सही केली नाही म्हणून किती जणींच्या हातात ते पडले नाहीत, याचा हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी करता येईल ते पाहायला समिती नेमा. होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र आजही पक्की आहे आणि ती दर मावशीला ठाऊक हवी. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकाम करणारी बाईही येते. साहेबांनी पाय चेपायला बोलावलं तर ते ‘तेवढं’मध्ये बसत नाही, आणि तक्रार घ्यायला जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

पुण्याच्या बायका कोणत्याही समितीची वाट बघत बसल्या नव्हत्या. 1980 मध्ये तिथल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी आणि आजारपणाची रजा पगारी हवी, अशी साधी मागणी होती. आजारी पडलं तर पैसे कापणार नाही, एवढं मिळवायला त्यांना रस्त्यावर यावं लागलं, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुणं मोठं. रत्नागिरीत चारशे जणी एका चौकात जमणं अवघड, कारण इथे प्रत्येकीला प्रत्येकीची मालकीण ओळखते. ज्या ओळखीने काम मिळतं त्याच ओळखीने ते जातंही. मारुती मंदिर भागातल्या एका जिन्यात ‘माजली’ म्हटलं की ते संध्याकाळपर्यंत माळनाक्यावर पोचतं, आणि तिला चार घरं बंद होतात. एवढी जोखीम पत्करून ती “नाही” म्हणते. त्या एका शब्दाला किती धीर लागत असेल!

मला आलेला राग नंतर मी उलगडून बघितला. आमच्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1122 बायका मोजल्या गेल्या. गडी मुंबईला, मनीऑर्डर येणार, आणि मागे राहिलेली बाई शेत, गुरं, सासू-सासरे, पोरं, शेणगोठा, पाणी, सगळं एकटीने ओढणार. माझी आजी अशीच जगली. मावशींची आईही तशीच. ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य त्या घरांमध्ये कोणा बाईने उच्चारलंच नव्हतं, कारण तिच्या कामाला कुंपणच नव्हतं. आम्ही दोघी अशाच घरांतून आलेल्या. म्हणून एका बाईच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. तिने काही चुकीचं म्हटलं नव्हतं. मला हे वाक्य म्हणायला कोणी शिकवलंच नव्हतं.

याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले. विधवा झालेल्या, पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरलेल्या. 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 1928 साली त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. आपण त्यांना धाडसी म्हणतो, आणि त्या होत्याच. परक्याच्या घरात राबून आपलं काही साधणाऱ्या बाईचं आपल्याला इतकं कौतुक आहे, तर तशीच बाई रोज सकाळी नऊला आपली बेल वाजवते तेव्हा ते कौतुक कुठे जातं?

आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईसाठीचा ‘आया’ हा शब्द. तो पोर्तुगिजांकडून आला. इंग्रज कुटुंबं मायदेशी जाताना बोटीवर मुलं सांभाळायला मुंबईहून, कलकत्त्याहून आया घेऊन जात. बोट लागली की काम संपलं. परतीच्या भाड्याचं आधी बोलणं झालेलं नसेल तर ती बाई लंडनमध्ये बेवारस. अशा बायकांसाठी तिथे हॅकनीमध्ये ‘आयाज होम’ होतं, आणि 2022 मध्ये त्या घरावर निळी स्मरणपाटी लागली. आठवड्याचे आठवडे समुद्रावर त्या मुलांना कुशीत घेऊन आलेली बाई, आणि तिच्या परतीच्या तिकिटाचा विषय निघालाच नाही, कारण ‘काय ते माहीतच आहे’.

“आमच्या घरचीच आहे ती” हे वाक्यही मला आता टोचतं. घरची म्हटलं की जादा काम हक्काने सांगता येतं. जादा पैसे मागितले की मात्र ती बाहेरची होते. तिच्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेला तिने रजा मागितली की बाहेरची. घरचं नातं दोन्हीकडून चालत असेल तर खुशाल म्हणा घरची. मी अशी दोन-तीन घरं बघितलीत, जिथे मावशीच्या सुनेच्या बाळंतपणात मालकीणबाई डबा घेऊन गेल्या. तिथे कोणी यादी काढत बसत नाही आणि काढूही नये.

मावशीला ‘तेवढं’ सांगणारी बहुतेक वेळा सूनच असते. पण ती काही आळशी नसते. ती स्वतः सकाळी पाचला उठलेली असते, डबे करून, नोकरी करून, परत येऊन ओट्याशी उभी राहणारी असते. मावशीने नाही म्हटलेलं काम हवेत विरत नाही, ते वळून सुनेच्याच पदरात पडतं. म्हणून तिला ते लागतं. मग भांडण दोन थकलेल्या बायकांमध्ये होतं आणि ज्यांनी त्या कामाला कधी हात लावला नाही ते पडवीत पेपर वाचत असतात. त्यांना या भांडणात कोणी ओढत नाही. शेजारच्या इमारतीतल्या त्या पथ्याच्या जेवणाचंच घ्या. ज्या आजोबांसाठी ते होतं त्यांचे दोन धडधाकट मुलगे त्याच घरात राहतात. जिन्यातल्या बोलण्यात त्यांचं नावसुद्धा निघालं नाही. मी ते काढलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि बायका पांगल्या.

आपल्याकडे बोलीशिवाय काही होत नाही. आंब्याची बाग खंडाने देताना किती कलमं, राखण कोणाची, फवारणी कोणाची, सगळं ठरतं. चिरा किती आणि वाहतूक कोणाकडे हे ठरल्याशिवाय गडग्याचा पहिला दगड लागत नाही. मग आपलं मूल ज्या बाईच्या हातात देतो तिच्याशी नीट बसून बोलायला आपल्याला लाज कसली वाटते? माझ्या मते बाळाचं जेवढं आहे तेवढं तिचं. त्याची आंघोळ, त्याची खिमट, त्याचे कपडे, त्याच्या बाटल्या उकळणं, त्याचा पसारा. बाकी काही हवं असेल तर आधी विचारायचं, त्याचे वेगळे पैसे सांगायचे, आणि ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तोंड पाडायचं नाही. शेवटचं सगळ्यांत कठीण आहे. मला ते जमायला महिना गेला. आम्ही आमची बोली कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहिली होती, दुधाच्या हिशेबाच्या खाली, पेन्सिलीने. पुढच्या वर्षी नवं कालनिर्णय आलं तेव्हा मावशींनी आठवण केली, “वैनी, त्या पानावरचं उतरून घ्या.” मी ते उतरून घेतलं, पगार वाढवून.

कोलंबीच्या त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पिशवी फ्रीजमध्ये होती, मावशींनीच उचलून ठेवलेली. मी पदर खोचला. तेवढ्यात हे आले, आणि मी सकाळचा राग जिथे काढायला हवा होता तिथे काढला. हे काही बोलले नाहीत, परात घेऊन खाली बसले. पहिल्याच कोलंबीच्या डोक्याचा काटा बोटात गेला. पाठीतला काळा दोरा मधेच तुटत होता. मावशी चपला घालून निघाल्याच होत्या, उंबऱ्यात थांबल्या. “डोकं आधी मोडा, भाऊ. मग मधनं हलकेच ओढा, आख्खा येतो.” ह्यांनी एक तसं केलं, दोरा आख्खा आला. मावशींनी तो बघितला, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि सव्वासहाची एस.टी. गाठायला निघाल्या.